नाशकात नव्यानं आलेल्या हॅम मंडळींसाठी: गाडीत कोणता सेट बसवावा

बदलीनं किंवा नोकरीनिमित्त नाशकात आलात, सामान लागलं, गॅस आला, की हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौशी रेडिओवर बोलणाऱ्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गाडीत कोणता सेट घ्यायचा? बाहेरून येऊन इथं स्थिरावलेल्या आमच्यासारख्यांचं उत्तर असं, की मॉडेल सगळ्यात शेवटी ठरवा. अँटेना कुठं लागेल, बॅटरीपासून वायर कुठून येईल आणि सेट कुठं मावेल, या तीन गोष्टी आधी. त्या जमल्या तर मध्यम किमतीचा सेटही उत्तम चालतो. त्या बिघडल्या तर महागातला सेटही इगतपुरीच्या अलीकडेच गप्प होतो.

त्याआधी कागदपत्रं. परवान्यावर तुमच्या स्टेशनचा पत्ता असतो, आणि तुमचा पत्ता आता बदललाय. हा बदल दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून कळवा. गाडीतून बोलण्याबद्दल आणि वॅटच्या मर्यादेबद्दल तुमच्या श्रेणीच्या अटी काय आहेत, ते परवान्यात नीट वाचा. परवान्याची एक प्रत लॅमिनेट करून गाडीच्या कागदपत्रांतच ठेवा. डॅशबोर्डवर माइक दिसला की नाकाबंदीवरचा पोलीस विचारणार, आणि त्याचं विचारणं रास्तच आहे.

आता इथला भूगोल. नाशिक पठारावर वसलंय, पण भोवती डोंगर कुठंच लांब नाहीत. गाडीच्या टपावरची अँटेना जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच. तिला सपाटीवर जेमतेम ५ किलोमीटरचं रेडिओ क्षितिज, म्हणजे लहरी थेट पोचण्याचं अंतर, मिळतं, दोन गाड्यांमध्ये मिळून १०. तीच गाडी भोवतालापेक्षा १०० मीटर उंच टेकडीवर चढवली, की क्षितिज ४० किलोमीटरच्या पलीकडे जातं. म्हणूनच सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड या पट्ट्यात गाडी ते गाडी थेट बोलणं सहज होतं, आणि कसारा घाट उतरायला लागलात की शहर पाठीमागे बुडतं. सिन्नरकडच्या मोहदरी घाटात, पेठ रस्त्याच्या सावळघाटात, चांदवडच्या पुढं राहुड घाटात हाच अनुभव येतो: वळणागणिक आवाज येतो-जातो. समृद्धीच्या इगतपुरीजवळच्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यात तर विषयच संपतो. ही डोंगराची सावली आहे, वॅट वाढवून ती हटत नाही.

म्हणून वॅटचा हिशेब डोळसपणे करा. हातातला ५ वॅटचा सेट गाडीच्या लोखंडी पिंजऱ्यात बसून, त्याच्याच आखूड रबरी अँटेनावर वापरला, तर निम्मीअधिक ताकद पत्र्यातच अडकते. तोच सेट टपावरच्या अँटेनाला जोडला तर फरक लगेच ऐकू येतो. खिसा तंग असेल तर पहिला खर्च इथंच करावा. त्यापुढं २५ वॅटवरून ५० वर गेलात तर वाढ ३ डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर अर्धा काटा. ५० वरून ८० वर गेलात तर जेमतेम २ डेसिबल. त्यामुळं १५ अँपिअर ओढणाऱ्या ८० वॅटच्या सेटसाठी जाड वायर, मोठा फ्यूज आणि जास्त उष्णता सांभाळण्यापेक्षा ते पैसे अँटेनात घालावेत.

आपल्याकडे हॅमसाठी दोन मीटर तरंगलांबीचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि सत्तर सेंटिमीटरचा ४३४ ते ४३८. रोजचं बोलणं बहुतेक दोन मीटरवर एफएममध्येच होतं. त्यामुळं नुसता दोन मीटरचा आयकॉम आयसी-२३००एच (६५ वॅट) किंवा यासूचा एफटी-२९८० (८० वॅट) यांसारखा दणकट, साधा सेट आजही चांगली निवड आहे. ८० वॅटचा असला तरी तो कमी पॉवरवर ठेवूनच वापरायचा. दोन्ही पट्टे हवे असतील तर ५० वॅटचे आयकॉम आयसी-२७३०, यासू एफटीएम-६००० किंवा सेकंडहँड मिळालाच तर केनवुड टीएम-व्ही७१ पाहा. यांत समोरचा डिस्प्ले सुटा करून लांब बसवता येतो, आणि आजच्या गाड्यांत हाच गुण सगळ्यात मोलाचा आहे. डिस्प्लेची लांब केबल आणि ब्रॅकेट खोक्यात येतात की वेगळे घ्यावे लागतात, हे विकत घेण्याआधी विचारा.

स्वस्तातले २५ वॅटचे चिनी मिनी सेट, उदाहरणार्थ क्यूवायटी केटी-८९०० किंवा एनीटोन एटी-७७८, सुरुवातीला वाईट नाहीत. त्यांचं दुखणं रिसीव्हरमध्ये असतं. ताकदवान टॉवरजवळ किंवा अंबड-सातपूरसारख्या, कारखान्यांचे वॉकीटॉकी चालणाऱ्या भागात त्यांचा स्क्वेल्च (कुणी बोलत नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय) उगाच उघडतो, किंवा नेमका हवा तो कमजोर आवाज दबून जातो. शिवाय यांतले बरेच सेट आपल्या पट्ट्याबाहेरही प्रसारण करू शकतात. संगणकावरून मेमरी भरताना प्रसारणाची मर्यादा १४४–१४६ आणि ४३४–४३८ वर बांधून टाका, म्हणजे अंधारात चुकीचं बटण दाबलं तरी पोलीस किंवा इतर कुणाच्या वाहिनीवर तुम्ही जाणार नाही.

डिजिटलचा मोह पहिल्या वर्षी आवरा. आयकॉमचं डी-स्टार, यासूचं सीफोरएफएम आणि डीएमआर या वेगवेगळ्या डिजिटल पद्धती एकमेकींशी बोलत नाहीत. तुमच्या ओळखीची मंडळी ज्यावर आहेत ते कळेपर्यंत साधं एफएम पुरे.

जागेबद्दल. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर, एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका, आणि पुढच्या खांबाच्या अस्तरातून केबल ओढताना पडदा-एअरबॅगच्या पुढून वायर जाऊ देऊ नका. सेटचं मुख्य धूड पुढच्या सीटखाली किंवा मागच्या बाजूला, पण भोवती हवा खेळती हवी. ५० वॅट बाहेर टाकणारा सेट बॅटरीतून साधारण १५० वॅट घेतो, म्हणजे उरलेल्या १०० वॅटची उष्णता सेटच्या अंगातच होते. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो आधीच तापलेला असतो. कोंदट ग्लोव्हबॉक्समध्ये बसवला तर लांब बोलताना पॉवर आपोआप घटते आणि तुम्ही अँटेनाला दोष देत बसता. रोज मधल्या पॉवरवर बोला, पूर्ण पॉवर घाटासाठी राखा.

आता वायरिंग. इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथं वेळ द्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून ५० वॅटचा सेट चालवू नका. त्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा असतो, आणि आतली वायर व पत्र्याची पकड सतत १२ अँपिअर वाहण्यासाठी नसते. आधी प्लग तापतो, मग वितळतो. सेटची प्लस वायर थेट बॅटरीच्या प्लसवरून आणा, आणि फ्यूज बॅटरीपासून १५–२० सेंटिमीटरच्या आत बसवा. फ्यूज सेटजवळ असला तर मधली वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाल्यावर तो तुम्हाला वाचवत नाही. किमतीपेक्षा हा एकच नियम गाडी जळण्यापासून राखतो.

वायरची जाडी नुसत्या अंदाजानं घेऊ नका. बॅटरी ते सेट ३ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६. १२ अँपिअरवर १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे १.४ व्होल्ट गळतात, २.५ मध्ये अर्ध्या व्होल्टहून थोडे जास्त, ४ मध्ये जेमतेम ०.३६. ४ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर घ्या. व्होल्ट घसरले की प्रसारण सुरू करताच डिस्प्ले मंद होतो, आवाज फाटतो आणि समोरचा म्हणतो, ‘तुमचा सेट चालू-बंद होतोय.’

मायनस वायर थेट बॅटरीच्या मायनस टोकाला लावायची जुनी पद्धत आता सगळीकडे चालत नाही. स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत त्या टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याला वगळून घेतलेला प्रवाह गाडीच्या हिशेबात येत नाही. बॅटरीची मायनस वायर जिथं बॉडीला बोल्टनं आवळलेली असते, तिथंच सेटची मायनस वायर आवळा. बोल्टखालचा रंग खरवडून मग लावा. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून आत येण्यासाठी आधीचं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेचं कडं) वापरा. नवं भोक पाडावं लागलंच तर ग्रोमेटशिवाय वायर ओढू नका. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून काम करून घेत असाल तर तेवढा वेळ शेजारी उभे राहा. त्याला हॉर्न-दिव्यांची सवय असते, अखंड १२ अँपिअरची नसते.

थेट बॅटरीला जोडलेला सेट चावी काढल्यावरही चालू राहतो. नुसतं ऐकताना तो अर्धा अँपिअर घेत असेल तर दिवसभरात १२ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते. सेटमधलं आपोआप बंद होण्याचं सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करा.

अँटेनासाठी टपाचा मध्य सर्वोत्तम. पाव तरंगलांबीची साधी काडी दोन मीटरसाठी सुमारे ५० सेंटिमीटर भरते, आणि सत्तर सेंटिमीटरवर तीच पाऊण तरंगलांबीची ठरत असल्यानं तिथंही चालते. शहरात, मॉलच्या आणि सोसायट्यांच्या तळघरी पार्किंगमध्ये हीच निभते. पेठ, सुरगाणा, हरसूल भागात वारंवार जाणार असाल तर १ मीटरच्या आसपासची, दोन्ही पट्ट्यांवर चालणारी अँटेना घ्या, पण खाली मुडपता येणारी. सनरूफ किंवा अ‍ॅल्युमिनियमचं टप असेल तर चुंबक धरत नाही. मग डिकीच्या कडेला स्क्रूनं आवळायचा माउंट. चुंबक लावण्याआधी टप पुसा, काढताना सरकवू नका, उचला. खालची धूळ रंग खरवडते.

बहुतेक माउंटबरोबर येणारी आरजी-५८ केबल ४ मीटरला दोन मीटरच्या पट्ट्यावर सुमारे ०.८ डेसिबल खाते, सत्तर सेंटिमीटरवर जवळपास दुप्पट. जास्तीची केबल गुंडाळून ठेवू नका, छाटून नीट पीएल-२५९ कनेक्टर लावा. केबल दाराऐवजी मागच्या झाकणाच्या रबरातून घ्या. दाराच्या कडेत रोज चेपली की आतलं तांबं हळूहळू तुटतं. अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर व्हीएचएफचाच, म्हणजे दोन मीटरच्या पट्ट्यावर चालणारा हवा. १.५ पर्यंत उत्तम, २ च्या वर गेला तर कनेक्टर आणि काडीची लांबी पाहा, ३ च्या वर असेल तर प्रसारण करूच नका. मीटर आणि कनेक्टर मुंबईला जाणं झालं तर लॅमिंग्टन रोडवरून आणा, निवड भरपूर मिळते.

बसवल्यावर आवाजाची परीक्षा घ्या. इंजिन बंद ठेवून ऐका, मग सुरू करा. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शीळ आली तर ती अल्टरनेटरची, बहुधा मायनस जोड ढिला आहे. सतत घरघर असेल तर डॅशकॅम, यूएसबी चार्जर आणि बाहेरून लावलेले एलईडी दिवे एकेक करून बंद करा. बहुतेक वेळा डॅशकॅमचा चार्जरच दोषी निघतो. त्याच्या केबलवर फेराइट लावा किंवा चार्जर बदला.

गाडी चालवताना माइक हातात धरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हातात धरायचं संपर्कसाधन चालवताना वापरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. घाटात तर थांबूनच बोला. देवळालीच्या लष्करी भागात आणि ओझरच्या विमानतळाजवळ थांबून प्रसारण करू नका.

मेमरीत रिपीटरची (उंचावरून तुमचा आवाज पुन्हा पुढं पाठवणाऱ्या स्टेशनची) वारंवारता, ऐकण्या-बोलण्याच्या वारंवारतांमधला ६०० किलोहर्ट्झचा फरक आणि रिपीटर उघडणारा टोन इथल्या हॅमकडून विचारून भरा. त्याबरोबर रिपीटरशिवाय थेट बोलायच्या निदान तीन वाहिन्या ठेवा. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंड आणि त्र्यंबकच्या गर्दीत मोबाइल कोंडला, तर रिपीटरवरही रांग लागेल, आणि तेव्हा शेजारच्या वाहिनीवर थेट बोलता यायला हवं. जूनच्या पहिल्या पावसाआधी टपावरचा कनेक्टर उघडून पाहा. आत हिरवट थर दिसला तर नवा लावा, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.