माहेरच्या वाटेवर आणि माहेरच्या ताटात: पुणे ते डिचोली, रोजचं जेवण कसं सांभाळावं

गोव्यात नातेवाइकांकडे जाणाऱ्यांचं पोट बिघडतं ते बहुतेक वेळा वाटेतल्या हॉटेलात नाही, मुक्कामाच्या घरी. पाहुणा येणार म्हटल्यावर घरची बाई रोजचं रांधप बाजूला ठेवते. तळलेली इसवण (सुरमई), सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं सुकं, शेवयांची खीर, संध्याकाळी भजी आणि निघताना डब्यात लाडू. एका घरी हे झालं तर आनंदच आहे. पण माहेरी गेलं की घरं चार असतात, आणि प्रत्येक घरी तोच थाट.

माझं माहेर डिचोलीचं, संसार पुण्यात. मे महिन्यात आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्ही जातो. ह्यांना मधुमेह आहे, सासूबाईंना रक्तदाब, आणि मुलाला घाटात मळमळतं, त्यामुळे खाण्याचा विचार निघण्याआधीच करावा लागतो. मला मनापासून सांगायचंय ते एवढंच की गोव्यातल्या घरी रोज जे शिजतं तेच मागून घ्या. पेज, उकड्या तांदळाचा भात, तांबडी भाजी (लाल माठ), बांगड्याचं हुमण (खोबऱ्याच्या वाटणाचं कालवण), कढी. पथ्याचं जेवण म्हणून वेगळं काही शोधावं लागत नाही. ते त्या घरात आधीच असतं, फक्त पाहुण्यापासून लपवलेलं असतं.

फोन आधी करा

निघायच्या दोन दिवस आधी करा, आदल्या रात्री नको. तोवर मासे सांगून झालेले असतात. आणि "हलकं काहीतरी कर" असं म्हणू नका. त्याचा अर्थ समोरची व्यक्ती उपमा, शिरा आणि वर कटलेट असाही लावू शकते. पदार्थाचं नाव घेऊन सांगावं. आमचा फोन साधारण असा होतो:

"वहिनी, शनिवारी रात्री आठपर्यंत पोचतो. पेज ठेव आमच्यासाठी, आणि तांबडी भाजी मिळाली तर तेवढी कर."

"अगं, एवढ्या लांबून येणार आणि पेज वाढू? भावोजी काय म्हणतील?"

"त्यांनीच सांगितलंय. रात्री जड झालं की सकाळी साखर चढलेली असते. आणि तुझ्या हातची पेज मला पुण्यात कोण देणार?"

शेवटचं वाक्य मी खरंच मनापासून म्हणते, आणि ते म्हणायलाच हवं. नुसतं पथ्य सांगितलं तर वहिनीला वाटतं आपलं जेवण नको आहे. तिच्या हातचा एक रोजचा पदार्थ नाव घेऊन मागितला की तिलाही बरं वाटतं, आणि दुपारी खपून करायचं काम वाचतं. आजाराचंही नाव स्पष्ट सांगावं. 'डाएट' म्हटलं तर लोक हसण्यावारी नेतात, 'रात्रीची गोळी' म्हटलं की ऐकतात.

वाटेतला डबा

पुण्याहून डिचोली चारशे किलोमीटरच्या पुढे. आम्ही पहाटे निघतो आणि बेळगाववरून चोर्ला घाट उतरतो. दुपारचं जेवण आमचंच असतं, आणि त्यात दहीभात ठरलेला. तो घरून तयार दही कालवून नेला तर उन्हात दुपारपर्यंत आंबट होतो. म्हणून तो वाटेतच लागेल असा करायचा. पहाटे भात मऊ, जवळजवळ गुरगुट्या शिजवावा, पळीने घोटावा. बोट सहज बुडवता येईल इतका कोमट झाला की त्यात कोमट दूध घालावं, भात पातळ वाटेल इतकं, कारण पुढे तो दूध ओढून घेतो. मग एक चमचाभर दही, मीठ, किसलेलं आलं आणि गार झालेली जिरं-कढीपत्त्याची फोडणी. डबा वरपर्यंत भरू नये. दुपारी उघडला की आतला भात गोडसर, नुकता लागलेला असतो. घाटाआधी पोटाला याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही.

सोबत दुधात भिजवलेल्या दशम्या. त्या पाण्यातल्या पोळ्यांपेक्षा जास्त वेळ मऊ राहतात, मात्र फडक्यावर पूर्ण गार केल्याशिवाय डब्यात घालू नयेत. वाफ धरली की चिकट होतात आणि वास येतो. चटणी शेंगदाण्याची किंवा लसणाची, कोरडी. ओल्या खोबऱ्याची चटणी प्रवासात अजिबात नको, उन्हाच्या दिवसांत ती काही तासांतच उतरते. काकड्या, गाजरं अख्खी न्यावीत आणि वाटेत चिरावीत. केळी पिवळी झालेली न घेता किंचित हिरवट घ्यावीत.

सकाळच्या नाश्त्याला महामार्गावर कुठेही गरम इडली मिळते, तेवढी पुरे. कोल्हापूरच्या मिसळीचा मोह मलाही होतो, पण पुढे घाट असेल तर ती मी परतीच्या वाटेवर ठेवते. बेळगाव सोडलं की जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला आणि खाली केरी, सांखळी. या टप्प्यात पोट भरलेलं नको तसं रिकामंही नको. मळमळणाऱ्या मुलांना दोन्हीचा त्रास होतो. म्हणून जेवण बेळगावच्या आसपास उरकावं आणि वळणं सुरू व्हायच्या आधी आलेपाकाची वडी चघळायला द्यावी. त्या वेळी दूध, चॉकलेट, वेफर्स यांना साफ नाही म्हणावं.

मुंबईहून येणाऱ्यांना रात्रीची कोकणकन्या आणि दिवसाची मांडवी एक्स्प्रेस आहे. डिचोलीकडे यायचं तर मडगावपर्यंत न जाता थिवीला उतरायचं. मांडवीत खायला सतत काही ना काही येत राहतं, आणि दिवसभर खिडकीत बसलेला माणूस दर तासाला काहीतरी घेतो. घरचा डबा असला की हे थांबतं.

मधुमेहाचं माणूस सोबत असेल तर एक नियम आमच्याकडे पक्का आहे: जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन ताट नजरेसमोर आल्यावरच. "अर्ध्या तासात पोचतो" म्हणून गोळी घेतली आणि घाटात ट्रक अडकला तर साखर उतरते. घाम, हातांची थरथर, चिडचिड दिसली की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटं थांबावं आणि मग खायला द्यावं. साखरेची पुडी गाडीच्या पुढच्या कप्प्यात असावी, सामानात पुरलेली नको. इन्सुलिन मात्र त्या कप्प्यात किंवा डिकीत ठेवू नये, उभ्या गाडीत ते तापतं. थंड पिशवीत, बर्फाला थेट न टेकवता न्यावं.

पहिली रात्र

पेज. उकडे तांदूळ धुऊन एका वाटीला सात-आठ वाट्या पाणी, आणि शीत बोटांत सहज दबेपर्यंत सावकाश शिजवायचं. उकड्या तांदळाला घाई चालत नाही. भात तुसासकट उकडल्यामुळे कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात उतरतं आणि सडल्यावरही बरंच टिकतं, म्हणून तो मला नेहमीच्या पांढऱ्या तांदळापेक्षा आवडतो. पेजेबरोबर भाजी, आणि आदल्या दिवशीचं हुमण आटवून दाट केलेलं असेल तर विचारूच नका. रक्तदाबाच्या माणसाने लोणचं आणि भाजलेला सुका बांगडा यांच्यापासून लांब राहावं, दोन्हीत मीठ भरपूर. तीच गोष्ट आगळाची, म्हणजे मीठ घालून टिकवलेल्या कोकमाच्या रसाची. सोलकढी बाटलीतल्या आगळाची असेल तर ती खारट असते. सासूबाईंसाठी वहिनी वेगळी सोलं (आमसुलं) भिजवते, तशी कुणालाही सांगता येते.

दुपारचं ताट

सगळं इथेच ठरतं.

गोव्यात ताटात भात आधी येतो आणि बाकीचं त्याच्याभोवती. आपण आधी भाजी आणि मासा मागून घ्यावा, ते थोडं खावं, आणि मग "एक डाव भात" म्हणावं. नुसतं "थोडा" म्हटलं तर वाढणारी तिच्या मापाने वाढते. डाव म्हटलं की माप ठरतं.

माशांच्या बाबतीत पाहुण्याला नेहमी इसवण किंवा पापलेट. मी दादाला आधीच सांगते, बांगडे आण, तारले आण. हे मासे स्वस्त असतात, ताजे मिळतात, आणि हृदयाला चांगलं असणारं तेल त्यांच्यात भरपूर असतं. बांगड्याच्या हुमणात खोबऱ्याचं वाटण, तिरफळं आणि आंबटाला सोलं असतात, वरून तेल घालावं लागत नाही. तळलेला तुकडा हवाच असेल तर एक घ्यावा, पण ताटात हुमण आहे, सुकं आहे, वर किसमूर (खोबरं घातलेली सुक्या माशाची कोशिंबीर) आहे म्हटल्यावर खोबरं सगळीकडून येतंच. म्हणून भाजी तरी ओलं खोबरं नुसतं वर भुरभुरलेली मागावी. सोमवार, गुरुवार पाळणाऱ्या घरी अळसांद्याचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक म्हणजे रस्सा, किंवा मुगाच्या गाठी (मोडाच्या मुगाची आमटी) असतात. त्या दिवशी माझं मन जास्तच प्रसन्न असतं, कारण कडधान्य पोटभर मिळतं आणि भात आपसूक कमी जातो.

चवथीला वेगळी गोष्ट. तेव्हा मासे नाहीत, पण नेवऱ्या (करंज्या), मोदक, पातोळ्या सतत समोर. नैवेद्य नाकारायचा प्रश्नच नाही. ह्यांच्यासाठी आम्ही तळलेल्या नेवरीऐवजी हळदीच्या पानात उकडलेली एक पातोळी गरम गरम देतो, आणि तिच्या बदल्यात भाताचा डाव जातो. खतखतं मात्र मनमुराद घ्यावं. त्यात भोपळा, शेंगा, मुळा, सुरण, कणगी, मक्याची कणसं, आंबाडे असं सगळं पडतं. कंदांतही पिष्ट असतं, त्यामुळे खतखत्याच्या दिवशी मधुमेहींनी भात अर्धाच ठेवावा.

मे महिन्यात माणकुराद आंबा समोर असताना कुणाला नाही म्हणवतं? आंबा जेवणानंतर वर न घेता चार वाजता, दुसरं काही नसताना खावा.

सकाळ

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की मी स्वतः दारात जाते. पाव, उंडे न घेता पोई घेते. तिच्यात गव्हाचा कोंडा असतो. मैदा किती, ते भट्टीगणिक बदलतं, म्हणून मोठ्यांना एक पुरे. सोबत वहिनीची पातळ भाजी, नाहीतर चण्याची उसळ. घरी नाचणी असेल तर तीझान (तिची खीर) मागावं, गूळ कमी घालून. बाहेर जाऊन भाजी-पाव खायचा तर मिरचीची भजी आणि बन्स यांतलं एकच काही घ्यावं.

एका दिवसात चार घरं

आत्या, काकी, मामा, शाळेतली मैत्रीण. प्रत्येक घरी चहा, आणि चहा साखर घालूनच उकळला जातो. चहा हातात आल्यावर "साखर नको होती" म्हणणं उशिराचं असतं. उंबरा ओलांडतानाच मुलाला स्वयंपाकघरात पाठवावं: "आत्ये, बाबांना कोरा, बिनसाखरेचा." नाहीतर शहाळं मागावं. अंगणात माड असेल तर त्या घरच्या आजोबांना ते काढून द्यायला चहापेक्षा जास्त आवडतं.

बशीतला फराळ नाकारू नये. त्यातलं एक उचलावं, चव घेऊन बोलावं, बाकीचं "घरी नेते" म्हणून बांधून घ्यावं. आणि जेवायला एका दिवशी एकाच घरी थांबायचं, हे आधीच ठरवून सगळ्यांना कळवावं. आत्या रुसली तर दुसऱ्या दिवशीचं दुपारचं जेवण तिच्याकडे.

१ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत गेलात तर मोठ्या माशासाठी यजमानांची धावपळ करवू नका. खुबे, तिसऱ्या या शिंपल्या, खाडीतले शेवटे मासे मिळतात, आणि पावसाळी भाज्यांची चैन असते: तायकिळो (टाकळा), अळू, फागलां (कर्टोली). रानातली अळमी (अळंबी) फक्त ओळखीच्या माणसाकडून घ्यावीत.

परतताना

डब्यात लाडू, नेवऱ्या भरायच्या आधीच पिशवी पुढे करावी आणि काय हवं ते सांगावं: उकडे तांदूळ, अळसांदे, कुळीथ, सोलं, तिरफळं. मापुशाचा शुक्रवारचा बाजार साधला तर हे सगळं एका फेरीत होतं. वाटेसाठी पोई आणि कोरडी बटाट्याची भाजी पुरते. खोबरं घातलेली भाजी सकाळीच खाऊन संपवावी. आगळाची बाटली आणायची असेल तर झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून, उभी, तांदळाच्या पिशवीत खोचून ठेवावी. घाटात ती आडवी झाली तर डाग कपड्यांवरून जात नाही.