नॅक तीन सर्व्हरवर बसवताय? या चुका टाळा

नॅक म्हणजे इथे नेटवर्क अ‍ॅक्सेस कंट्रोल, कॉलेजांचं मूल्यांकन नव्हे. केबल लावली किंवा वायफायला जोडलं की आधी ओळख पटवायची, मग योग्य व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) सोडायचं, हे त्याचं काम. ते बंद पडलं तर कुणालाच नेटवर्कवर येता येत नाही, म्हणून एकाऐवजी अनेक सर्व्हर लावतात. मी पॅकेटफेन्स हे मुक्त नॅक सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. फ्रीरेडियसवर (ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरच्या मुक्त सॉफ्टवेअरवर) उभारलेल्या इतर मांडण्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

दोनच सर्व्हर लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पॅकेटफेन्सचा डेटाबेस मारियाडीबीच्या गॅलेरा क्लस्टरवर (सगळ्या सर्व्हरवर एकच डेटा ठेवणाऱ्या गटावर) चालतो आणि गॅलेराला बहुमत लागतं. दोनपैकी एक सर्व्हर अचानक बंद पडला की उरलेल्याकडे निम्मीच मतं राहतात, म्हणून तोही क्वेरी नाकारतो. म्हणजे खर्च दोघांचा, आधार एकाचाही नाही. किमान तीन हवेत, आणि ते तिन्ही व्हर्च्युअल मशीन एकाच होस्टवर (प्रत्यक्ष यंत्रावर) नकोत.

वीज जाऊन तिन्ही एकदम पडले तर क्लस्टर दरवेळी आपोआप उठेलच असं नाही. अशा वेळी घाईने कोणताही सर्व्हर पहिला सुरू करू नका. तिन्हींचा शेवटचा व्यवहार क्रमांक तपासा आणि ज्याचा सर्वांत पुढे आहे त्याच्यापासूनच बूटस्ट्रॅप करा, म्हणजे क्लस्टर नव्याने उभा करा. मागे राहिलेल्यापासून सुरुवात केलीत तर नुकत्याच झालेल्या नोंदी गमावाल.

व्हर्च्युअल आयपी दोघांकडे

व्हर्च्युअल आयपी म्हणजे एका वेळी एकाच सर्व्हरकडे असायला हवा असा सामायिक पत्ता. तो कुणाकडे असावा हे ठरवणारं किपअलाइव्हडी त्यासाठी व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल वापरतं. व्हीआरआरपी टीसीपीही नाही, यूडीपीही नाही. त्याचा प्रोटोकॉल क्रमांक ११२. फायरवॉलमध्ये फक्त पोर्ट उघडले तर सर्व्हरना एकमेकांचे संदेश मिळत नाहीत आणि प्रत्येक जण स्वतःला मास्टर समजतो. लॉगिन कधी होतं, कधी होत नाही, अशी तक्रार आली की आधी हे बघा.

‘टाइमआउट’ला नेटवर्कचा दोष समजणं

इथे मी लोकांना अख्खे दिवस घालवताना पाहिलंय. स्विच म्हणतो रेडियस सर्व्हर (ओळख तपासणारा सर्व्हर) उत्तर देत नाही. पिंग मात्र व्यवस्थित. खरं कारण असं, की अनोळखी आयपीवरून आलेली विनंती रेडियस सर्व्हर नाकारत नाही, तो गप्प बसतो. ८०२.१एक्समध्ये (नेटवर्कवर येण्याआधी ओळख पटवण्याच्या मानकात) शेअर्ड सीक्रेट, म्हणजे स्विच आणि सर्व्हरमधला गुप्त शब्द, चुकलं तरी तेच. त्यामुळे नवा स्विच एकाच सर्व्हरवर नोंदवला आणि बाकी दोघांवर राहिला, तर बिघाड फेलओव्हर झाल्यावरच, म्हणजे काम दुसऱ्या सर्व्हरकडे गेल्यावरच, दिसतो. टीसीपीडंप (पॅकेट टिपणारं साधन) लावून रेडियसच्या १८१२ पोर्टवर पॅकेट येतंय का पाहा. येत असेल तर रेडियस डीबगमध्ये चालवा. ‘अननोन क्लायंट’ ही ओळ सापडली की शोध संपला. स्विचवर सोर्स इंटरफेसही (विनंती कुठल्या पत्त्यावरून निघेल तेही) पक्का करा, नाहीतर मार्ग बदलला की त्याचा आयपीही बदलतो.

सीओए फक्त व्हर्च्युअल आयपीला उघडणं

वापरकर्ता नोंदणी पूर्ण करतो, तरी नोंदणीच्या व्हीलॅनमध्येच अडकतो. व्हीलॅन बदलायचा हा आदेश म्हणजे सीओए (चेंज ऑफ ऑथरायझेशन). तो बहुतेक वेळा ३७९९ पोर्टवर जातो आणि तो सर्व्हरच्या स्वतःच्या आयपीवरून निघू शकतो. स्विचच्या यादीत व्हर्च्युअल आयपीबरोबर तिन्ही खरे आयपीही घाला.

एकाच संवादाचे तुकडे

ईएपी म्हणजे ८०२.१एक्समधली ओळख पटवण्याची पद्धत. तिची एक ओळखपरेड अनेक पॅकेटमध्ये होते. लोड बॅलन्सरने (विनंत्या सर्व्हरमध्ये वाटणाऱ्याने) त्यातली काही पॅकेट दुसऱ्या सर्व्हरकडे वळवली तर ती मधेच तुटते. एका उपकरणाचा संवाद एकाच सर्व्हरकडे राहिला पाहिजे. ईएपी-टीएलएसमध्ये, म्हणजे प्रमाणपत्रांवर चालणाऱ्या ईएपीमध्ये, मोठ्या प्रमाणपत्रांमुळे पॅकेटचे तुकडे होतात आणि काही फायरवॉल ते टाकून देतात, हेही लक्षात ठेवा. घड्याळं एनटीपीने जुळवा: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतलं (विंडोजच्या वापरकर्ता-यादीतलं) कर्बेरॉस, म्हणजे तिथली ओळख तपासण्याची पद्धत, सहसा पाच मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही. डोमेनमध्ये प्रत्येक सर्व्हर वेगळ्या नावाने जोडा.

लोकांना आत घेण्याआधी प्रत्येक सर्व्हरच्या खऱ्या आयपीवर ईएपी चाचणी करा. मग एकेक सर्व्हरची केबल काढून, नवा लॅपटॉप जोडून बघा; आधीपासून जोडलेला लॅपटॉप काहीच सांगत नाही. शेवटी तिन्ही बंद करा आणि स्विच क्रिटिकल व्हीलॅनमध्ये (सर्व्हर नसताना वापरायच्या व्हीलॅनमध्ये) सोडतो का, ते तपासा.