गटिंग घट्ट केलं की फटका जोरात बसतो? टेनिसच्या रॅकेटबाबत या चुका टाळा

सांगली-मिरजेच्या कोर्टांवर एक समजूत पक्की रुजली आहे. बॉल बेसलाइनपर्यंत (कोर्टाच्या मागच्या रेषेपर्यंत) पोचत नाही, म्हणजे गटिंग (रॅकेटमध्ये ओवलेल्या तारांची जाळी) सैल पडलंय. तारांचा ताण चार पौंड वाढवून आणा. प्रत्यक्षात होतं उलटंच. बॉल आणखी आखूड पडू लागतो, खेळणारा चिडून जास्त जोर लावतो आणि महिन्याभरात कोपर धरून बसतो.

रॅकेटवर आदळल्यावर बॉल चेपतो आणि जाळीही आत दबते. चेपलेला बॉल ऊर्जेचा मोठा हिस्सा गमावतो. ताणलेली तार मात्र तिला मिळालेली ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत देते. जाळी घट्ट केली की ती कमी दबते आणि बॉल जास्त चेपतो, म्हणजे नुकसानीचा वाटा वाढतो. दोन-चार पौंडांनी वेग फार बदलत नाही, हे खरं. पण सैल जाळीवरून बॉल जरा वरच्या कोनातून सुटतो, त्यामुळे लांब पडतो. शिवाय धक्का किंचित जास्त वेळात पसरतो आणि हाताला कमी लागतो. म्हणून जोर हवा असेल तर दोन-तीन पौंड उतरवा. बॉल बाहेर जायला लागले तरच चढवा.

दुकानात आकडा सांगताना

आपल्याकडे बॅडमिंटन जास्त खेळलं जातं, त्यामुळे गटिंग करणाऱ्याचा हातही त्यावरच बसलेला असतो. बॅडमिंटनला २४-२६ पौंड ठीक. टेनिसला साधारण ४५ ते ६० पौंड लागतात. त्यातच काही मशीनवर किलोचे आकडे असतात. २४ किलो म्हणजे जवळजवळ ५३ पौंड. म्हणून ‘२४ वर करा’ एवढंच सांगून रॅकेट सोडून येऊ नका. पौंड की किलो ते स्पष्ट सांगा आणि फ्रेमवर छापलेली मर्यादा दाखवा. त्या मर्यादेच्या मधल्या आकड्यापासून सुरुवात केलेली बरी.

पॉलिएस्टर: तुटत नाही म्हणून वापरत राहणं

सगळ्यांत जास्त कोपरं मला इथं बिघडताना दिसतात. ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेननं १९९७ साली पॉलिएस्टरच्या तारांनी फ्रेंच ओपन जिंकली आणि त्यानंतर ही तार जगभर पसरली. तिचा गुण खराच आहे. फटक्यात उभी तार बाजूला सरकते, झटक्यानं जागेवर परत येते आणि बॉलला जास्त फिरकी मिळते. पण ही तार कडक आहे. वेगानं रॅकेट फिरवणाऱ्यालाच तिचा फायदा होतो. शनिवार-रविवारी डबल्स खेळणाऱ्याला तिच्याकडून फक्त धक्का मिळतो.

तिचं टेन्शनही, म्हणजे ताण, लवकर उतरतं. दहा-पंधरा तासांच्या खेळानंतर ती सरकायची आणि परत यायची थांबते, फिरकी जाते, कडकपणा तेवढा उरतो. आपण मात्र ती तुटेपर्यंत थांबतो, आणि पॉलिएस्टर सहसा लवकर तुटत नाही. पैसे वाचवायचा विचार मी समजू शकतो. गटिंगसाठी कोल्हापूर-पुण्याला रॅकेट पाठवायची तर खर्च आणि खोळंबा दोन्ही असतात. पण मग मुळात दुसरी तार घ्या. साधी नायलॉनची सिंथेटिक गट स्वस्त आहे आणि बहुतेकांना पुरते. कोपर नाजूक असेल तर मल्टिफिलामेंट घ्या, म्हणजे असंख्य बारीक धागे एकत्र बांधलेली तार. नॅचरल गट, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून केलेली तार, सर्वांत मऊ आणि टेन्शन सर्वांत जास्त टिकवणारी, पण महाग आहे आणि ओल तिला सोसत नाही. साताऱ्याच्या पावसाळ्यात ती लावून ओल्या बॉलनं खेळणं म्हणजे पैसे पाण्यात.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना नदालकडे बघून पॉलिएस्टर लावून देणाऱ्या पालकांना कळकळीनं सांगतो, थांबा. मूल महिन्याला दोन-तीनदा नायलॉन तोडू लागलं तर पॉलिएस्टरचा विचार करा. तेव्हाही फक्त उभ्या तारा पॉलिएस्टरच्या, आडव्या मऊ, आणि टेन्शन नेहमीपेक्षा तीन-चार पौंडांनी कमी.

टेन्शन उतरलं की नाही, ते कानानं कळतं. मिरजेत तंबोऱ्याच्या तारा जुळवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तार उतरली की सूर उतरतो. गटिंग झालं त्याच दिवशी डॅम्पनर (तारांमध्ये अडकवलेला रबरी तुकडा) काढून जाळीवर टिचकी मारा आणि फोनवरच्या ट्यूनर अॅपमध्ये कंपनसंख्या टिपून ठेवा. ती दहा टक्के खाली आली, तर टेन्शन सुमारे १९ टक्के गेलेलं असतं.

हलकी रॅकेट म्हणजे हाताला आराम?

दुकानात हातात धरल्यावर हलकी रॅकेट सुखद वाटते. पण ५६ ते ५९ ग्रॅमचा वेगानं आलेला बॉल हलक्या रॅकेटला मागे ढकलतो, कडेला लागला तर मुठीत फिरवतो, आणि ती सावरायचं काम मनगट-कोपराला करावं लागतं. वजनदार रॅकेट तो धक्का स्वतः पचवते, आणि तेवढ्याच वेगानं फिरवता आली तर जोरही जास्त देते. सुदृढ प्रौढाला गटिंगशिवाय २९० ते ३१० ग्रॅम वजन, तोल मुठीकडे झुकलेला, हे बहुधा मानवतं. लहान मुलांचा हिशेब अर्थातच वेगळा.

फ्रेमचा ताठपणाही बघा. तो आरए या आकड्यात मोजतात. पन्नाशीतल्या फ्रेम लवचीक, सत्तरच्या आसपासच्या ताठ. बाबोलाट प्युअर ड्राइव्ह ताठ बाजूला येते, विल्सन क्लॅश लवचीक बाजूला. ताठ फ्रेम कमी वाकते म्हणून जोर देते, पण हादराही तेवढाच पोचवते. माझं मत ठाम आहे: जोर मिळवायचा तर तो सैल तारांतून आणि रॅकेटच्या वजनातून मिळवावा, ताठ फ्रेममधून नाही. ताठ फ्रेम, पॉलिएस्टर आणि ५८ पौंड हे तिन्ही एकत्र आले, तर कोपराला सुटका नाही.

डॅम्पनरनं दुखणं थांबेल ही आशा सोडा. तो फक्त तारांचा टणकारा बंद करतो. फ्रेमचा हादरा तसाच हातापर्यंत येतो. ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळलेली पट्टी, मात्र वेळेवर बदला. घामानं निसरडी झालेली ग्रिप आपण नकळत आवळून धरतो, आणि आवळलेला हात जास्त हादरा घेतो.

ऊन, उंची आणि जुने बॉल

एप्रिल-मेमध्ये रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेनं गेलेलं टेन्शन रात्री गार झाल्यावर परत येत नाही. पाचगणी-महाबळेश्वरला खेळायला गेलात तर विरळ हवेत बॉल लांब जातो. तिथं दोन-तीन पौंड जास्त चालतील. १,२१९ मीटरच्या वरच्या ठिकाणांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत वेगळ्या बॉलची सोय आहे आणि ही दोन्ही गावं त्या रेषेच्या वर आहेत. उलट कोर्टवर हवा गेलेले बॉल वापरत असाल, तर जोर कमी पडतोय याचा दोष रॅकेटला देऊ नका. आधी नवा डबा उघडून बघा.

कोपर दुखायला लागलं असेल तर सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. आधी जुनी तार काढून मल्टिफिलामेंट लावा आणि टेन्शन चार पौंड उतरवा. मग ग्रिपची जाडी तपासा. नवी फ्रेम सर्वांत शेवटी. पण चहाचा कप उचलतानाही कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येत असेल, तर खेळ थांबवून डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव हाताशी असताना दुखरा हात गटिंगच्या भरवशावर ठेवू नका.