पहिले आठ दिवस: चपला, टाळ आणि खुंटीवरची फळी

यंदा आमच्या भागात दोन-तीन नवे अतिथी शिक्षक रुजू झाले. त्यातल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, पोरं ऐकतच नाहीत, काय करू?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

माझी शाळा कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या पट्ट्यात आहे. सरकारी मराठी शाळा, चौथी-पाचवी एकाच खोलीत. तिसरीपर्यंत मुलं नली-कलीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या खेळत-शिकत पद्धतीच्या वर्गात असतात. गटागटाने खाली बसायचं, आपलं कार्ड आपण शोधायचं, उठून दुसऱ्या गटात जायचं, ही त्यांची सवय. चौथीत आल्यावर एकदम फळ्याकडे तोंड करून बसायचं. म्हणजे जे मूल पहिल्या दिवशी सारखं उठतं ते उनाड नसतं. त्याला इथली रीत अजून कोणी शिकवलेली नसते. गणित शिकवतो तशीच वर्गातली वागणूकही शिकवावी लागते, हे मनात पक्कं धरून सुरुवात करा.

पहिल्या वर्षी मी तक्त्यावर बारा नियम लिहिले होते आणि मुलांकडून मोठ्याने वाचूनही घेतले होते. आठवड्याभरात मलाच त्यातले पाच आठवेनात. आता चारच ठेवते, आणि रोज एकच घेते.

शाळा मेअखेरीला उघडते. पहिला दिवस प्रारंभोत्सवाचा: तोरण, फुलं, जेवणात गोड. त्या दिवशी नियमाचं नावसुद्धा काढू नका. फक्त सगळ्यांची नावं पाठ करा. नावाने हाक मारता आली की निम्मं काम तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी चपला आणि छत्र्या. आमच्याकडे पाऊस लागला की व्हरांड्यात नुसता चिखल. चपलांचा ढीग पडतो, आणि शाळा सुटताना "बाई, ह्यानं माझी घातली" म्हणून रडारड. मी स्वतः चपला काढून, टाचा भिंतीला लावून जोडीने ठेवते. मुलं बघतात. मग दोघं-दोघं करून दाखवतात, बाकीचे काय चुकलं ते सांगतात. छत्री मिटायची, झटकायची आणि मूठ वर करून कोपऱ्यात उभी करायची. यात अर्धा तास जातो, जाऊ द्या. पुढे वर्षभर रोजची दहा मिनिटं वाचतात.

तिसऱ्या दिवशी शांत होण्याची खूण. ओरडून घसा बसतो आणि मुलांना त्या आवाजाची सवय होते. मी भजनातला टाळ आणलाय. एकच ठोका द्यायचा. त्याचा नाद विरेपर्यंत हातातलं खाली ठेवायचं आणि माझ्याकडे बघायचं. आधी खेळ म्हणून पाच-सहा वेळा मुद्दाम गोंधळ करायला लावते आणि ठोका देते. आमच्याकडे कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी कोकणी बोलतात. टाळ सगळ्यांनाच कळतो. एक मात्र सांभाळा. ठोका दिल्यावर वर्ग पूर्ण शांत होईपर्यंत स्वतः एक शब्द बोलू नका. एकदा गलक्यातच बोललात की त्या ठोक्याला काही अर्थ उरत नाही.

चौथ्या दिवशी फळी. "बाई, लघवीला जाऊन येऊ काय?" हे वाक्य तासात दहा वेळा ऐकून शिकवणं तुटतं. दाराजवळच्या खुंटीला सुतळीने एक लाकडी फळी टांगलीय. ती खुंटीवर असेल तर न विचारता घेऊन जायचं, नसेल तर थांबायचं. अगदीच अडलं तर मला येऊन कानात सांगायचं. पहिले दोन दिवस सगळ्यांनाच जावंसं वाटतं. तिसऱ्या दिवशी नवलाई संपते.

पाचवा दिवस अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या रांगेचा. हात धुवायचे, ताट दोन्ही हातांनी धरायचं, हवं तेवढंच वाढून घ्यायचं. धाकट्या वर्गांना पुढे सोडायचं.

आता मूल चुकलं तर काय? छडी नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मारायला आणि मानसिक छळ करायलाही बंदी आहे. पण मी कायद्याच्या आधी त्या पोराचं तोंड बघते. चपला फेकून आत आला तर एवढंच म्हणते, "जा बाळ, परत ठेवून ये." चौघांत बोलत नाही. पुन्हा तेच झालं तर मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारते.

हे मी स्वतः चूक करून शिकले. उशिरा येणाऱ्या एका मुलाला मी आठवडाभर दारात उभं केलं होतं. तो मान खाली घालून उभा राहायचा, काही बोलायचा नाही. सातव्या दिवशी शेजारच्या मुलीने सांगितलं, "बाई, तो डेअरीला दूध घालून येतोय. त्याचा बाबा आजारी हाय." त्याचा शर्ट खांद्यापासून भिजलेला होता, हाताला किटलीच्या कडीचा वळ होता. आठ दिवस तो वळ माझ्यासमोर होता आणि मी घड्याळ बघत होते. आजही आठवलं की जीव कासावीस होतो. तेव्हापासून उशिरा आलेल्याला आधी आत घेते, मग विचारते.

घरच्यांनाही कळवा. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या पहिल्या बैठकीत मी टाळ आणि फळी घेऊनच जाते आणि चार नियम करून दाखवते. आया हसतात, पण लक्षात ठेवतात.

भातलावणीला बरीच मुलं गैरहजर राहतात. परत आल्यावर त्यांना ओरडू नका. ज्या मुलाला नियम चांगला जमतो त्याच्याशी जोडी लावून द्या, दोन दिवसांत बसतात. दसऱ्याच्या लांब सुट्टीनंतर मात्र सगळाच वर्ग विसरलेला असतो. तेव्हा पहिला अर्धा दिवस धड्याला हात न लावता पुन्हा व्हरांड्यात जायचं, आपल्या चपला काढायच्या आणि टाचा भिंतीला लावून ठेवायच्या.