परभणीहून हार्डकोअरच्या गिगला जायचं तर

हार्डकोअर म्हणजे पंक रॉकचा वेगवान, आरडाओरडीचा प्रकार आणि गिग म्हणजे बँडचा लाइव्ह कार्यक्रम. सगळ्यात आधी देवगिरी एक्स्प्रेसचं गणित समजून घ्या, बँड कुठला ते नंतर. देवगिरीत बसलं की रात्र गाडीत जाते आणि सकाळी मुंबई येते, इथपर्यंत सगळं बेस. घोळ परतीला आहे. ती सीएसएमटीहून रात्री साडेनऊच्या सुमाराला सुटते आणि ज्या बँडसाठी तुम्ही एवढ्या लांबून आलात तो बरोबर त्याच वेळेला स्टेजवर चढतो. म्हणून परतीला देवगिरी काढूच नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाच्या आसपास सुटणारी तपोवन एक्स्प्रेस धरा. मधल्या रात्रीसाठी दादर-परळकडं कुणी नातेवाईक असेल तर उत्तम, पण त्यांना आधीच सांगून ठेवा की मी मध्यरात्रीनंतर घामानं भिजून येणार आहे. कुणीच नसेल तर साडेबाराच्या आत लोकल पकडून सीएसएमटी गाठायची आणि वेटिंग रूममध्ये पाय पसरायचे. मोठी बॅग सकाळीच तिथल्या क्लोकरूमला टाकून द्या. बॅगेला कुलूप लागतं, ते घरून न्या.

पुण्याचा गिग असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्स असतात, त्यामुळं डोक्याला ताप कमी.

परभणी, नांदेड, लातूरला असले गिग होताना मी तरी पाहिले नाहीत. आपल्याला मुंबई-पुणंच धरून चालावं लागतं. पेपरात जाहिरात येत नाही. बँडच्या इन्स्टाग्रामवर दोन-तीन आठवडे आधी पोस्टर पडतं, तिकिटाची लिंक त्यांच्याच पानावर असते. म्हणून दोन-चार बँडना फॉलो करायचं, मग ते ज्यांच्याबरोबर वाजवतात त्यांना, मग ज्या जागा गिग ठेवतात त्यांना. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधल्या अँटीसोशल या गिगच्या जागेचं वेळापत्रक अधूनमधून चाळत जा. माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, त्यामुळं जूनमधलं पोस्टर मी उघडतसुद्धा नाही. पेरणीच्या दिवसात दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक वर्षभर बोलून दाखवतं.

पोस्टरवर वयाची अट नीट वाचा. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. गिगची जागा बहुतेक वेळा बारच असते, म्हणून काही ठिकाणी 21 च्या खालच्या पोरांना दारातूनच परत पाठवतात. आधार कार्ड खिशात ठेवा आणि अट कळत नसेल तर आयोजकाला मेसेज टाकून विचारा. पाचशेहून जास्त किलोमीटर येऊन फुटपाथवर उभं राहून भिंतीतून बास ऐकण्यात मजा नाही.

हे वयाचं भांडण हार्डकोअरच्या जन्मापासूनचं आहे. 1980 च्या सुमाराला वॉशिंग्टन डीसीतल्या अल्पवयीन पोरांना क्लबात घ्यावं म्हणून त्यांच्या हातावर काळी फुली मारायची पद्धत पडली, म्हणजे बारवाल्याला लांबून कळावं की याला दारू द्यायची नाही. पुढं पोरं ती फुली स्वतःहून मारून घ्यायला लागली. मायनर थ्रेट या बँडच्या इयन मकाय यांच्यामुळं दारू-सिगारेट-नशेपासून लांब राहणाऱ्या त्या पोरांना ‘स्ट्रेट एज’ हे नाव मिळालं. आमचे मामा माळकरी आहेत. त्यांना हार्डकोअर समजावताना मला एवढ्या एकाच गोष्टीवर काही समजावून सांगावं लागलं नाही. तेव्हा दारू पीत नसाल तर संकोच करू नका, पाण्याची बाटली घेऊन उभी असलेली बरीच माणसं तिथं दिसतील.

एकाच गिगचे पैसे असतील तर कुठला निवडायचा? माझं मत सरळ आहे, छोट्या खोलीतला. मार्च 2025 मध्ये लोलापलूझा या संगीत महोत्सवाला ग्रीन डे हा अमेरिकी बँड घेऊन ती मंडळी मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर आले. पॉप पंक, म्हणजे सोबत गाता येईल असं पंक, ज्यांच्यामुळं जगभर पोचलं त्यांना डोळ्यांनी बघितलं, गर्दीबरोबर घसा फोडून गायलो, सगळं खरं. पण त्यांचे चेहरे मी पाहिले ते स्क्रीनवरच. छोट्या गिगला तिकीट काहीशे रुपयांचं असतं आणि गाणाऱ्याचा घाम तुमच्या हातावर पडतो. मुंबईच्या स्क्राइबसारखे बँड अशाच खोल्यांतून मोठे झाले. पॉप पंक मैदानातही जमतं, कारण त्यात कोरस असतो आणि कोरसला माणसं जितकी जास्त तितकं बरं. हार्डकोअरला मात्र कमी छताची खोली लागते.

वेळ पाळा. हार्डकोअरचं गाणं दीड-दोन मिनिटांचं आणि सगळा सेट पंचवीस-तीस मिनिटांचा. आपल्या सवयीनं ‘सातचं म्हणजे आठ’ धराल तर एक अख्खा बँड हुकेल, आणि पहिल्यांदा वाजवणारी पोरंच बऱ्याचदा जीव तोडून वाजवतात.

पायात लेसवाले बूट, लेसला दुहेरी गाठ. चप्पल-सँडल घालून आलेला माणूस पाचव्या मिनिटाला भिंतीशी लंगडत उभा असतो. गळ्यातली चेन, ताईत, हातातलं कडं काढून बॅगेत. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा. फोन पुढच्या, चेन असलेल्या खिशात. सुती टीशर्ट घाला आणि दुसरा बरोबर ठेवा, कारण पहिला पिळता येईल एवढा भिजणार. आईनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपवा, बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला काहीतरी पोटभर खा. उपाशीपोटी पिटमध्ये, म्हणजे गर्दीतल्या नाचायच्या-ढकलायच्या जागेत, उतरलं की डोळ्यापुढं अंधारी येते.

कानांचं मात्र मनावर घ्या. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढं नाचून मोठे झालो म्हणजे आपले कान दगडाचे झाले असं नाही. अमेरिकेची कामगार आरोग्य संस्था, नायॉश, 85 डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास सुरक्षित मानते आणि पुढं दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. छोट्या खोलीत ड्रम आणि दोन अँप्लिफायर सुरू झाले की 100 गाठायला वेळ लागत नाही. कापूस उपयोगाचा नाही. फोमचे इअरप्लग थोडक्या पैशांत मिळतात, पण ते घालायची रीत आहे. स्वच्छ हातांनी प्लग दोन बोटांत वळून वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागं ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटानं दाबून धरायचा, तो फुगून बसेपर्यंत. नीट बसला की स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो. गाणं तरीही ऐकू येतं, उलट शब्द जास्त सुटे कळतात.

आता पिट. आमच्या आईनं एकदा माझ्या फोनवरचा व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, “आरं, पोरं भांडायलीत की!” मी म्हणलं, नीट बघ. तिला त्यातलं एक पोरगं पडताना दाखवलं आणि लगेच त्याच्या दोन्ही काखांत आलेले हातही दाखवले. “मग ढकलायलेत कामून?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आत गेल्यावर आधी खोली वाचा. स्टेजच्या अगदी पुढं शब्द पाठ असलेली मंडळी असतात. गाणारा माइक पुढं करतो तेव्हा ती एकमेकांच्या अंगावर चढून त्यात ओरडतात. त्यांच्या मागं मोकळी जागा दिसेल, तोच पिट. पिटच्या कडेला हात पुढं धरून उभी असलेली माणसं बाहेर फेकल्या गेलेल्याला झेलून परत आत लोटतात. सगळ्यात मागं, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ, आवाज सगळ्यात चांगला लागतो. पहिला बँड कडेला उभं राहून बघा. झेलण्याचं काम केलं की पिटचं वळण आपोआप कळतं.

गाणं वेगात असतं तेव्हा सर्कल पिट फिरतो, सगळे एकाच दिशेनं गोल पळतात. त्यात उलटं जायचं नाही, थांबायचंही नाही. मधल्या वेगाला टू-स्टेप, म्हणजे जागच्या जागी गुडघे उचलत नाचणं. आणि मग ब्रेकडाऊन. ताल एकदम निम्म्यावर येतो, गिटार जड होऊन थांबून थांबून वाजायला लागते. त्या क्षणी खोलीच्या मधोमध हात-पाय फिरवणारी मंडळी उतरतात. ती कुणाला धरून मारत नाहीत, पण कुणाला बघतही नाहीत. ब्रेकडाऊन येतोय असं वाटलं की नवख्यानं दोन पावलं मागं व्हायचं. गाणाऱ्यानं हातानं गर्दीचे दोन भाग केले तर ती वॉल ऑफ डेथ, दोन्ही बाजू एकमेकांवर धावून येणार. पहिल्या गिगला त्यातून बाजूला व्हा, कुणी हसत नाही.

आत उतरलात तर पाय खांद्याएवढे फाकवून गुडघे सैल ठेवा. हात दुमडून छातीपुढं, कोपरं आत. बाहेर निघालेलं कोपर म्हणजे दुसऱ्याचा दात. पिटकडं पाठ कधीच करू नका, फोनवर शूटिंग करणारे नेमके असेच आपटतात. पडलात तर गोळा व्हा, एका हातानं डोकं झाका आणि दुसरा हात वर करा. दुसरं कुणी पडलं तर तुमचं नाचणं तिथंच थांबलं, आधी त्याला काखेत धरून उभा करायचा. हा नियम कुठं लिहिलेला नसतो, पण तो न पाळणाऱ्याला लोक बाहेर काढतात. बूट, चष्मा, किल्ली सापडली की डोक्यावर उंच धरून उभं राहायचं, मालक येतोच. दम लागला की मागं न जाता आडवं सरकत कडेला निघा.

स्टेजवरून उडी मारायची हौस असेल तर आधी खाली हात वर झालेत का बघा आणि पाय पुढं करून उडू नका. एकदा एक धिप्पाड गडी गर्दी विरळ झालेली असताना उडाला. खाली उभी असलेली दोन पोरं शहाणी होती, ती बाजूला झाली.

बायका-मुलींनी मागंच उभं राहावं असं काही नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बिकिनी किल या पंक बँडच्या कॅथलीन हॅना स्टेजवरून सांगायच्या, मुलींनी पुढं या, पुरुषांनी मागं सरका. गर्दीचा फायदा घेणारा कुणी दिसला तर बाउन्सरची वाट बघू नका, आयोजकाला किंवा थेट बँडला सांगा, गाणं थांबवायला लावा. इयन मकाय यांच्या पुढच्या बँडनं, फुगाझीनं, दांडगाई करणाऱ्यांना तिकिटाचे पाच डॉलर परत देऊन बाहेर काढलेलं आहे.

मोठ्या मैदानातली गर्दी वेगळी. तिथं बॅरिकेडजवळ माणसं दाटतात आणि तिथं धोका दाबले जाण्याचा असतो. हात छातीपुढं ठेवून श्वासापुरती जागा राखा. लाट पुढं गेली की अंग ताठ न करता तिच्याबरोबर जा आणि ती ओसरली की तिरकं चालत बाहेर पडा. हात वर करता येईनासे झाले म्हणजे निघायला आधीच उशीर झालाय. मैदानात फोनचं नेटवर्क झोपतं, त्यामुळं भेटायची जागा आधीच ठरवा आणि थोड्या नोटा खिशात ठेवा.

नोटा छोट्या गिगलाही लागतात. सेट संपला की बँडवाले स्वतःच टेबलावर टीशर्ट, सीडी मांडून बसतात, त्याला मर्च म्हणतात. त्यातला बराचसा पैसा थेट त्यांच्याकडं जातो. एखादा टीशर्ट घ्या, दोन शब्द बोला. एका ड्रमरला मी परभणीहून आलो म्हणल्यावर त्यानं टॉवेलनं तोंड पुसत ‘जगात जर्मनी’ म्हणून सुरुवात केली, पुढचं मी पूर्ण केलं. स्टेजवर अर्धा तास किंचाळणारी ही माणसं खाली उतरल्यावर अगदी मवाळ असतात.

दुसऱ्या दिवशी मान दुखणार. तपोवनमध्ये मानेखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, घरी गेल्यावर शेकून घ्या. मनमाडला चहाबरोबर काहीतरी खारट खा, घामानं अंगातलं मीठ गेलेलं असतं. कानात शिट्टी वाजत असेल तर दिवसभर इअरफोन लावू नका. ती दोन दिवसांत थांबली नाही किंवा एका कानानं कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा आणि डीजेचं नाव न घेता खरं काय ते सांगा.