पहिला रेग्युलेटर घ्यायचाय? आधी तो उघडणारा माणूस शोधा

स्कूबा डाइव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, म्हणजे ओपन वॉटरचं कार्ड हातात पडलं की लोक लगेच रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र, शोधायला लागतात. दर सीझनला कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, कुठला घेऊ?" माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: इतक्यात नको. आधी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्या, मग खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर. रेग्युलेटर भाड्याने मिळतो, आणि बऱ्या डाइव्ह शॉपमधला निगराणीतलाही असतो. वर्षाआड एकदा हॅवलॉकला जाणाऱ्याने पन्नास हजारांच्या वर जाणारा संच कपाटात ठेवून काय करायचं? मालवणला इन्स्ट्रक्टरच्या हाताला धरून मासे बघून आलेल्यांनी तर हे वाचूच नये. पण नेत्राणी, अंदमान, जमलं तर मालदीव असं वरचेवर होणार असेल, दुसऱ्याच्या तोंडातला माउथपीस आपल्या तोंडात नको वाटत असेल, तर चला.

मी चिंचवडला एका कारखान्यात न्यूमॅटिक्सच्या देखभालीचं काम करते. त्यामुळे रेग्युलेटर हातात आला की मला आधी प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह दिसतो. सिलिंडरमध्ये 200 बारची हवा असते. सिलिंडरला जोडलेला रेग्युलेटरचा भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, तिला भोवतालच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त एवढ्यावर आणून ठेवतो. पुढचं काम तोंडातल्या सेकंड स्टेजचं: तुम्ही श्वास ओढलात की तेवढ्यापुरता उघडायचं आणि भोवतालच्या दाबाची हवा द्यायची, म्हणजे 20 मीटरवर 3 बारची, 30 मीटरवर 4 बारची. या सगळ्याचा भार असतो एका छोट्या सीटवर (व्हॉल्व्ह जिच्यावर बसून बंद होतो ती) आणि काही ओ-रिंगांवर (रबरी कड्यांवर). या गोष्टी झिजतात, कडक होतात, मिठाने खराब होतात. म्हणून ब्रँड ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा उघडून, झिजणाऱ्या भागांचं किट बदलून, पुन्हा जुळवून देणारा प्रशिक्षित माणूस मला कुठे मिळेल?

याचं उत्तर मिळेपर्यंत खरेदी करू नका. जिथे कोर्स केला तिथेच विचारा: तुम्ही भाड्याला कुठला ब्रँड ठेवता, सर्व्हिस कोण करतं, किट किती दिवसांत येतं? रोज खाऱ्या पाण्यात वापरून त्यांच्याकडे जो टिकतो, तो तुमच्याकडेही टिकेल. दुबई-सिंगापूरहून स्वस्तात आणलेला एखादा अनोळखी मॉडेल सर्व्हिसला कुरिअरने परत पाठवायचा म्हटलं, की वाचलेले पैसे तिथेच जातात. सर्व्हिस किती दिवसांनी करायची हे कंपनीच्या पुस्तिकेत असतं: कुणी दरवर्षी म्हणतं, कुणी दोन वर्षं किंवा शंभर डाइव्ह.

आता आतली रचना. फर्स्ट स्टेजमधला व्हॉल्व्ह चालवायला पिस्टन की डायफ्राम (लवचीक पडदा) यावर माणसं तासन् तास भांडतात. नवख्याने एवढं समजून घ्यावं: अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये भाग कमी, सर्व्हिस सोपी, किंमत कमी, पण सिलिंडर रिकामा होत आला की श्वास थोडा जड होतो. स्कूबाप्रोचा एमके2 किंवा अ‍ॅक्वालंगचा कॅलिप्सो या जातीचे. 18 मीटरपर्यंतच जाणार असाल तर हा फरक जेमतेम जाणवेल. बॅलन्स्ड असेल तर 200 बारला आणि 50 बारला श्वास जवळपास सारखाच लागतो. मला विचाराल तर बॅलन्स्ड डायफ्राम घ्या, त्यातही सील केलेला. एपेक्सचा एक्सटीएक्स50 किंवा स्कूबाप्रोचा एमके17 या प्रकारातले. सील मुळात थंड पाण्यासाठी असतं. आपल्याकडे पाणी 27-28 अंश, तिथे गोठण्याचा प्रश्नच नाही. पण मालवणच्या गढूळ पाण्यातला गाळ आणि मीठ स्प्रिंगपर्यंत पोचत नाही, हा फायदा मोठा. याउलट शिकायला इंग्लंडला गेलेल्यांनी, जे हिवाळ्यात लेस्टरजवळच्या स्टोनी कोव्हच्या खाणीत उतरणार आहेत, त्यांनी 10 अंशांखालच्या पाण्यासाठी तपासलेलाच घ्यावा. युरोपियन ईएन 250 मानकानुसार ज्यावर "ए > 10°से" असा शिक्का आहे, तो त्यांच्या कामाचा नाही.

फर्स्ट स्टेज सिलिंडरला जोडायला योक (वरून आवळायचा शिकंजा) की डिन (आट्यांनी फिरवून बसवायचा)? आपल्याकडे बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर आणि योक, त्यामुळे योक घेतलात तर अडणार नाही. डिनमध्ये ओ-रिंग आत बंदिस्त राहते, पकड जास्त भक्कम, आणि युरोपात बहुतेक ठिकाणी तोच चालतो. डिन घेऊन अ‍ॅडॅप्टर लावता येतो, पण मग फर्स्ट स्टेज मागे जास्त येतो आणि डोक्याला टोचतो. बऱ्याच चांगल्या मॉडेलचं योक नंतर डिनमध्ये बदलून मिळतं. तेवढं विचारून ठेवा आणि यावर झोप उडवू नका.

दुकानात गेल्यावर रंग बघण्याआधी सेकंड स्टेज तोंडात धरून पाच-दहा मिनिटं उभे राहा. वजन जबड्यावर येतं. लहान जबडा असेल तर भारी धातूचा सेकंड स्टेज दुसऱ्या डाइव्हलाच नकोसा होतो. माउथपीस मात्र स्वस्तात बदलता येतो. व्हेंच्युरीची खिट्टी हवी, म्हणजे पाण्यात उडी मारताना हवा सुसाट सुटत नाही. श्वासाचा जोर कमी-जास्त करणारा स्क्रू नसला तरी चालतं. ऑक्टोपस, म्हणजे जोडीचा जादा सेकंड स्टेज, मुख्य सेकंड स्टेजइतकाच मनावर घ्या. दमछाक झालेला बडी (सोबतचा डाइव्हर) त्यातूनच श्वास घेणार आहे.

होजच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. वेणी घातल्यासारखे रंगीत होज मऊ आणि छान दिसतात, पण त्यातल्या काहींचं आतलं पॉलियुरेथेनचं अस्तर उष्ण प्रदेशात बिघडतं, त्याचे कण साचतात आणि हवा अडते. डॅन या डाइव्ह सुरक्षेच्या संस्थेने याबद्दल सावध केलेलं आहे. मी साधा काळा रबरी होजच वापरते.

सेकंडहँड घेणार असाल तर दोन गोष्टी करा. सिलिंडर न जोडता, फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची डस्ट कॅप घट्ट दाबून, सेकंड स्टेजमधून हलकेच श्वास ओढा. हवा आली तर कुठलं तरी सील गेलेलं आहे. मग सिलिंडर जोडून इन्फ्लेटर होजला (जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या नळीला) प्रेशर गेज लावायला सांगा. काटा 9-10 बारला स्थिर राहिला पाहिजे. हळूहळू वर सरकत असेल तर सीट झिजली आहे, म्हणजे पूर्ण सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करून बोला. मालक म्हणेल, "दोनच वेळा वापरलाय." वापरला नसेल तरी रबर म्हातारं होतंच, सर्व्हिसची पावती मागा.

घरी आल्यावर: डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावा, मगच गोड्या पाण्यात भिजवा, आणि दाब नसताना सेकंड स्टेजवरचं हवा सोडणारं पर्ज बटण दाबू नका, नाहीतर पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं. सावलीत वाळवा, होज न मुडपता मोठ्या वेटोळ्यात ठेवा. विमानात केबिन बॅगेतच घ्या. सुरक्षा तपासणीत उघडून दाखवायला लावतात, म्हणून सगळ्यात वर ठेवा आणि दहा मिनिटं हाताशी राखा.