लेमन ड्रॉप, पण कागदी लिंबाच्या हिशेबाने

नाशिकमध्ये पाहुणे आले की वाइन ठरलेलीच. त्यातून सुटका हवी असेल तर लेमन ड्रॉप करून बघा. व्होडका, लिंबू, साखर, बस्स. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हेन्री आफ्रिकाज’ बारमध्ये हे कॉकटेल आलं. श्रेय दिलं जातं बारमालक नॉर्मन जे हॉबडे याला. कुंड्यांत फर्न लावलेले, बायकांनाही निवांत बसता येईल असे बार तेव्हा तिकडे नवे होते. नाव लिंबाच्या गोळीवरून पडलं, आणि चवही आपल्या लिमलेटच्या गोळीसारखीच.

तिथलं लेमन म्हणजे पिवळं, जाड सालीचं फळ. रविवार कारंजावर मिळतं ते कागदी लिंबू, अंगाने लहान पण जास्त झणझणीत. त्यामुळे परदेशी कृतीतला ३० मिली रस इथे जसाच्या तसा घालू नये. मी २० मिलीवर थांबते.

आधी पाक. अर्धी वाटी साखरेत संत्र्याच्या सालीचा फक्त केशरी भाग किसून घाला आणि बोटांनी चोळा. साखर ओलसर होऊन घमघमाट सुटतो. तासाभराने अर्धी वाटी गरम पाणी ओतून ढवळा, गाळून थंड करा. मूळ कॉकटेलमध्ये बरेचजण ट्रिपल सेक ही संत्र्याची लिकर घालतात. ती महागडी बाटली एवढ्यासाठी घ्यायची गरज नाही.

ग्लास फ्रीजरमध्ये ठेवा. मग त्याच्या कडेला बाहेरून, तीही अर्ध्याच भागावर, लिंबाची फोड फिरवून बारीक साखर लावा. पिठीसाखर नको, तिचा चिखल होतो.

एका ग्लासासाठी ५० मिली व्होडका, २० मिली ताजा रस, २० मिली पाक. लिंबू पिळताना साल चेपू नका, कडवटपणा उतरतो. शेकर नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो. डबा बर्फाने भरा आणि पंधरा सेकंद जोरात हलवा. बाहेरून दव धरलं की झालं. वितळलेलं पाणीही प्रमाणात धरलेलंच आहे, तेव्हा हलवण्यात कंजूषपणा नको. गाळून लगेच द्या.

महाराष्ट्रात व्होडकासाठी वय २५ पूर्ण लागतं, वाइनसाठी २१, शिवाय परवाना. बाकीच्यांना तोच पाक आणि लिंबू सोड्यात घालून द्या.